जिवंत देखाव्यात ग्रेनेडवर आडवा होणारा जवान: करायचा की नाही?

कसब्यातला_संहितावाला

मंडळी, डोकं तापलंय म्हणून इथे टाकतोय. गेली अकरा वर्षं आमच्या गणपती मंडळाच्या जिवंत देखाव्याची संहिता मी लिहितो (मंडळाचं नाव विचारू नका, गल्लीत आधीच दोन गट आहेत). यंदा पोरांनी विषय परस्पर ठरवून टाकला. जवान. बंकरात पाच जण बसलेत, बाहेरून ग्रेनेड येऊन पडतो, एक जण 'भारत माता की जय' ओरडून त्याच्यावर आडवा होतो, लाल लाइट, धुराचं मशीन, मग तिरंगा आणि निवेदन. साडेसात मिनिटं. म्हणजे गर्दीच्या रात्री पंधरा-वीस वेळा तो मरणार आणि दर वेळी पडदा पडला की उठून गुडघे झटकणार.

मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. तर मीटिंगमध्ये 'काका तुम्हाला देशाबद्दल काही वाटत नाही का' इथपर्यंत ऐकून घेतलं, आणि तेही ज्याला मी पहिलीत हाताला धरून शाळेत सोडायचो त्याच्याकडून.

माझं म्हणणं असं की 'देशासाठी' हा शब्द आपण नंतर चिकटवतो. त्या क्षणी तिथे देश नसतो, शेजारी बसलेला माणूस असतो. कॅप्टन विक्रम बत्रांचं घ्या. ७ जुलै १९९९, कारगिलचं युद्ध, पॉइंट ४८७५ हे शिखर, जखमी अधिकाऱ्याला ओढून आणायचं होतं, सुभेदार पुढे झाले तर त्यांना 'तू बाल-बच्चेदार है, हट जा पीछे' म्हणून मागे सारलं आणि स्वतः गेले, असं सांगतात. या वाक्यात देश कुठेय? समोरच्याला पोरं आहेत, एवढंच आहे.

आणि दुसरं म्हणजे ज्यांच्यासाठी तो गेला ते चौघं आमच्या देखाव्यात नुसते कोपऱ्यात पुतळ्यासारखे उभे. मी म्हटलं देखावा त्या चौघांपैकी एकाचा करू, वीस वर्षांनंतरचा. पोरं म्हणाली, 'काका, बोअर होईल, लोक पुढच्या चौकात जातील.' तुम्ही सांगा आता.

सिंहगड_दर_रविवारी

काका, आदर आहे तुमच्याबद्दल पण हे जरा अतीच होतंय. देखावा बघायला सात-आठ वर्षांची पोरं येतात बापाच्या खांद्यावर बसून, त्यांना वीस वर्षांनंतरचा उदास माणूस दाखवून काय मिळणार? त्यांच्या डोक्यात एकच चित्र राहायला हवं की एक जण दुसऱ्यासाठी पुढे झाला. मी स्वतः असाच एक देखावा बघून एनडीएचा फॉर्म भरला होता, एसएसबीत (सैन्याच्या निवड मुलाखतीत) बाहेर पडलो तो भाग वेगळा.

आणि तुकाराम ओंबळे विसरलात का? हातात फक्त लाठी, समोर एके-४७, आणि माणसानं सरळ नळीच धरली, गोळ्या पोटात घेतल्या पण हात सोडला नाही म्हणून बाकीच्या पोलिसांना कसाब जिवंत सापडला. तोच कसाब २१ नोव्हेंबर २०१२ ला आपल्याच येरवड्यात फासावर गेला, खटला पूर्ण होऊन. हे लहान पोराला दाखवायचं नाही तर काय दाखवायचं? पुन्हा तेच पाण्याचं महत्त्व आणि मोबाइलचे दुष्परिणाम?

शंकेखोर_सदाशिव

दोघांचंही अर्धं बरोबर, म्हणजे दोघांचंही चूक.

आधी एक साधी गोष्ट. हँडग्रेनेडची लिव्हर सुटल्यावर साधारण चार सेकंद. त्यातले दोन तर 'हे काय पडलं' यातच जातात. उरलेल्या दोनात कोणी त्याग वगैरे करत नाही, शरीर हलतं. डरखाइम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ मध्येच लिहून ठेवलंय की सैन्यात माणूस समूहात इतका विरघळतो की स्वतःचा जीव त्याला हलका वाटायला लागतो, त्यानं त्याला परार्थी आत्महत्या असंच नाव दिलं होतं. म्हणजे हे घडवलं जातं. रोज एकत्र जेवायचं, एकत्र शिक्षा खायची, एकाच्या चुकीला सगळ्यांनी रगडा खायचा, आणि मग एक दिवस तो रिझल्ट देतो. यात कौतुक माणसाचं करायचं का कारखान्याचं ते तुम्ही ठरवा.

दुसरं, आपल्याकडे एकवीस परमवीरचक्रं, त्यातली चौदा मरणोत्तर. आपल्याला मेलेला हिरो सोयीचा पडतो हो, तो पेन्शनसाठी खेटे घालत नाही, भाषणात अडचणीचं बोलत नाही. आणि एकदा का 'अमर रहे' म्हटलं की ग्रेनेड आत पोचलाच कसा हे विचारणारा देशद्रोही ठरतो.

सिंहगड_दर_रविवारी

@शंकेखोर_सदाशिव रिफ्लेक्स रिफ्लेक्स काय लावलंय राव. रॉस मॅकगिनिसचं वाचा. अमेरिकन सैनिक, वय १९, ४ डिसेंबर २००६, बगदाद. हम्वीच्या (लष्करी गाडीच्या) वरच्या बुरुजात मशीनगनवर उभा होता, ग्रेनेड त्याच्या शेजारून गाडीच्या आत पडला. तो वर होता! बाहेर उडी मारायला मोकळा होता आणि ट्रेनिंगही तेच होतं, ओरडून सांगायचं आणि उडी मारायची. त्यानं ओरडून सांगितलं, खाली चौघं अडकलेले दिसले, आणि हा पठ्ठ्या बाहेर जायच्या ऐवजी आत उतरला आणि पाठीनं ग्रेनेड दाबून धरला. चारही जण वाचले. हे ट्रेनिंगच्या उलट आहे. तुमचा डरखाइम कुठे बसतो यात?

आणि जेसन डनहॅम, मरीन, १४ एप्रिल २००४, इराकच. त्यानं तर हेल्मेट ग्रेनेडवर टाकून त्यावर अंग टाकलं. हेल्मेटनं स्फोट अडेल का यावर त्यानं आधी सोबत्यांशी वाद घातला होता म्हणे. म्हणजे विचार आधी करून ठेवला होता, चार सेकंदांत फक्त अंमलबजावणी.

गनिमी_कावा_९६

एवढं लांब बगदादला कशाला जाताय, १३ जुलै १६६०, घोडखिंड. बाजीप्रभू. विषय संपला. 🚩

कसब्यातला_संहितावाला

@गनिमी_कावा_९६ दादा, बाजींचा देखावा आम्ही दोनदा केलाय, तोफेच्या आवाजाला समोरच्या बिल्डिंगमधून तक्रारही आली होती. पण तो विषय वेगळा आहे असं मला वाटतं. 'लाख मेले तरी चालतील पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे' ही आपली म्हणच आहे, म्हणजे तिथे जीव देणारा वर बघून देतो, राजासाठी. ग्रेनेडवर पडणारा बाजूला बघून देतो. शेजारी कोण? त्याच्याच पगारातला, त्याच्याच ताटातला, कदाचित काल ज्याच्याशी साबणावरून भांडण झालं तो. त्याच्या जगण्यानं राज्य वाचत नाही. हे मला जास्त कळत नाही आणि म्हणूनच जास्त मोठं वाटतं.

@शंकेखोर_सदाशिव कारखान्याचं म्हणालात ते पटलं नाही पण उत्तर सुचत नाहीये, चहा पिऊन येतो.

तिसरी_पोस्टिंग

मी इथे सहसा वाचून जाते पण आज लिहिते. नवरा फौजेत आहे, मी सध्या पोरांच्या शाळेसाठी कोथरूडला.

सदाशिवराव, 'आत्महत्या' हा शब्द तुम्ही फार सहज टाइप केलात. पुस्तकात असेल. घरात कोणाचा तरी फोन दोन दिवस लागत नाही तेव्हा तो टाइप करून बघा.

आणि काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण कारण वेगळं आहे. माझी एक मैत्रीण वीरनारी आहे. तीन वर्षांपूर्वी एका मंडळानं तिला आरतीला बोलावलं. मानानं बोलावलं, गाडी पाठवली, शाल-श्रीफळ दिलं, पहिल्या रांगेत खुर्ची. आणि मग समोर देखावा सुरू केला. सरप्राइज म्हणून तो तिच्या नवऱ्यावरच बनवला होता! नाव, युनिट, सगळं. स्पीकर तिच्यापासून सहा फुटांवर. तिची मुलगी तेव्हा पाच वर्षांची, ती आईला विचारत होती 'बाबा आता उठतील ना?' कारण आधीचा शो संपल्यावर तिनं त्या मुलाला उठताना पाहिलं होतं. पोरं वाईट नव्हती हो. एकाही पोराच्या डोक्यात आलं नाही एवढंच. निघताना तिनं सगळ्यांना थँक यू म्हटलं, आणि त्यानंतर गणपतीचे दहा दिवस ती माहेरी जाते.

बत्रांच्या वाक्याबद्दल पण बोलायचंय. 'तू बाल-बच्चेदार है' हे ऐकलं की सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्याही येतो. पण तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि त्यांनाही आई होतीच. शेजारच्याचं घर वाचवताना आपलंही एक घर आहे हे त्या दोन सेकंदांत आठवतं का? मी नवऱ्याला हे एकदा विचारलं होतं. तो म्हणाला भाजी जळतेय बघ.

वानवडीचा_डॉक्टर

ताई, वाचून गप्प झालो.

थोडी भर घालतो. आपण सगळे ग्रेनेड-गोळी यावरच अडकलोय. कॅप्टन अंशुमन सिंग आमच्या एएफएमसीचे (सैन्याचं मेडिकल कॉलेज), म्हणजे इथल्याच कॅम्पसमध्ये शिकलेला मुलगा. जुलै २०२३, सियाचीन, पहाटे दारूगोळ्याच्या साठ्याला आग. फायबरच्या झोपडीत अडकलेले जवान त्यानं बाहेर काढले, मग आग वैद्यकीय खोलीकडे सरकली तेव्हा औषधं वाचवायला परत आत गेला तो आलाच नाही. कीर्तिचक्र मिळालं. परमवीर नाही, कारण परमवीर शत्रूसमोरच्या शौर्याला असतं, आग किंवा पूर असेल तर अशोकचक्राची मालिका. तसंच गेल्या वर्षी मे महिन्यात, २०२५ ला, उत्तर सिक्कीममध्ये लाकडी पुलावरून एक अग्निवीर ओढ्यात पडला, त्याच्यामागे लेफ्टनंट शशांक तिवारीनं उडी मारली. वय २३, सैन्यात येऊन सहा महिने. अग्निवीर वाचला. लेफ्टनंट वाहून गेला. आपल्याकडे अधिकाऱ्यानं जवानासाठी उडी मारणं हे मला विशेष वाटतं, कारण बाहेरच्या जगात कुठला साहेब शिपायासाठी साधी लिफ्ट धरून ठेवत नाही.

वाचणाऱ्यांबद्दल संहितावाले म्हणतात ते वैद्यकीयदृष्ट्याही खरं आहे. वाचल्याची टोचणी असते. रात्रीची झोप जाते, लग्नकार्यात माणूस मागच्या मागे उठून जातो, दारू वाढते. 'तुझ्यासाठी तो गेला' हे कोणी तोंडावर म्हणत नाही पण दर २६ जानेवारीला लाउडस्पीकर म्हणतो.

शंकेखोर_सदाशिव

@तिसरी_पोस्टिंग ताई, शब्दाबद्दल माफी. मुद्दा मागे घेत नाही, शब्द घेतो.

मॅकगिनिसचं उदाहरण चांगलं आहे, मान्य, रिफ्लेक्सची थिअरी तिथे लंगडी पडते. पण एक बघा, ही गोष्ट आपल्याला कळली कशी? आत बसलेले चौघं जिवंत राहिले म्हणून. पदकाचं प्रशस्तिपत्र कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घडलं असेल तरच लिहिता येतं. ज्याचा प्रयत्न फसला, ग्रेनेडवर पडूनही सगळे गेले, किंवा अंधारात कोणी बघितलंच नाही, त्याला आपण नुसतं यादीतलं नाव म्हणतो. घोरपडीच्या युद्धस्मारकावर, जे लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं १९९८ ला, तिथे नावं वाचत उभे राहिलात कधी? त्यात असे किती असतील कोणाला माहीत.

म्हणजे नाइलाजानं संहितावाल्यांच्या बाजूनं मत देतोय. वाचलेला माणूस नसेल तर गोष्टच नाही.

खडकीचा_सॅपर

राम राम मंडळी. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेचे इंजिनिअर, बावीस वर्षं, हवालदार म्हणून रिटायर. आता खडकी बाजारात दुकान आहे. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

पहिली गोष्ट, फौजेत कोणी ग्रेनेडवर झोपायला शिकवत नाही. उस्ताद शिकवतो 'ग्रेनेड' म्हणून ओरड, आड घे, लेट जा. फौज माणसावर पैसा खर्च करते तो जगावा म्हणून. कारखाना वगैरे ठीक आहे पण कारखान्यात सगळे नग सारखे निघतात, आमच्यात नाय निघत.

दुसरी गोष्ट, काका म्हणतात देश नसतो, शेजारी असतो. हे पण पूर्ण बरोबर नाय. आमच्यात म्हणतात नाम, नमक, निशान. पल्टनचं नाव खाली जाता कामा नये हे डोक्यात कायम असतं. शेजारचा पण असतो आणि पल्टन पण असते, दोन्ही वेगळं करता येत नाय, तुम्ही पेठेतले लोक सगळ्याच्या चिरफाळ्या करता.

तिसरी गोष्ट, सगळे मेलेल्यांचंच सांगतायत. आमचे राणे साहेब, राम राघोबा राणे, परमवीरचक्र. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता मोकळा करायचा होता. पहिल्याच दिवशी मोर्टार पडून त्यांचे दोन गेले आणि पाच जखमी, त्यात ते स्वतः. तरी पुढच्या रणगाड्याच्या खाली शिरून त्याच्यासोबत रांगत गेले, माइन (सुरुंग) दिसला की दोरी ओढून ड्रायव्हरला खूण. जगले. १९९४ ला इथे पुण्यातच वारले. आणि नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, मराठा पल्टनचे, व्हिक्टोरिया क्रॉस, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. जखमी कंपनी कमांडरला आणि आणखी एकाला खोल पाण्यातून, माइनच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी पोचवलं आणि परत जाऊन मशीनगन बंद पाडल्या. तेही जगले. सोबत्यासाठी जीव धोक्यात घातला आणि माणूस वाचला तर तुमच्या देखाव्यात बसत नाय का?

आता माझं सांगतो. कधी लिहिलं नव्हतं.

२००२. ऑपरेशन पराक्रम, म्हणजे पाकिस्तान बॉर्डरवरची फौजेची जमवाजमव, संपत आलं होतं, बॉर्डरवर जे माइन आपणच पेरले ते आपल्यालाच काढायचे होते. वाळू सरकते, पावसानं माइन जागा सोडतो, नकाशात एक आणि जमिनीत दुसरं. पोटावर पडून प्रॉडर (माइन शोधायची सळई) तिरका घालत इंच इंच पुढे जायचं. प्रत्येकाची लेन ठरलेली. त्या सकाळच्या आदल्या दिवशी मला घरून निरोप आला होता की मुलगी झाली, रात्री मी सगळ्यांना गुळाची भेली वाटली होती. माझी लेन वाईट होती, त्यात बाभळीचं झाड होतं, मुळं असली की प्रॉडरला काही कळत नाय. माझा बडी, म्हणजे जोडीदार, सातारकडचा. त्यानं काही बोलणं नाय, चालणं नाय, माझ्या आधी जाऊन माझ्या लेनमध्ये आडवा झाला. मी म्हटलं अरे ही माझी आहे, तर म्हणाला तुझे हात आज थरथरतायत, तू तिकडची घे. हात थरथरत नव्हते माझे. नव्वद मिनिटांनी आवाज झाला.

डावा पाय गुडघ्याखालून गेला. इथे पुण्यात कृत्रिम अवयव केंद्रात त्याला पाय बसला, मी तेव्हा सुट्टी टाकून आलो होतो, समोर उभं राहून बोलता येईना तर त्यानंच विचारलं पोरीचं नाव काय ठेवलं. अजून दर दोन-तीन वर्षांनी सॉकेट बदलायला येतो तेव्हा माझ्याकडे उतरतो. पोरगी आता चोवीसची आहे, आयटीत आहे, त्याला काका म्हणते. तिला आम्ही अजून सांगितलेलं नाय. मी एकदा दारूच्या नादात म्हणालो होतो की तू माझ्यासाठी त्याग केलास तर ग्लास ठेवून उठला, म्हणाला असलं बोलायचं असेल तर मी लॉजवर जातो. लेन बदलली होती, एवढंच.

सिंहगड_दर_रविवारी

…

काका (सॅपर काका), सॉरी. काय लिहू कळत नाहीये.

गनिमी_कावा_९६

मुजरा 🙏 माझी वरची कमेंट कोणी सिरियसली घेऊ नका.

तिसरी_पोस्टिंग

सॅपर दादा, मुलीला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर कधीतरी कोणीतरी लाउडस्पीकरवरून सांगेल.

शंकेखोर_सदाशिव

मी एक खवचट प्रश्न विचारणार होतो, आपणच पेरलेले माइन आपल्याच माणसांकडून हातानं काढून घ्यायची वेळ का आली असा. तो प्रश्न आहेच, सोडणार नाही. आज राहू दे.

कसब्यातला_संहितावाला

@खडकीचा_सॅपर दादा, रात्री तुमचं लिखाण मीटिंगमध्ये मोबाइलवरून वाचून दाखवलं. आमच्यात एक पोरगं आहे, धुराच्या मशीनवर असतं, कधी तोंड उघडत नाही, ते म्हणालं 'काका, यात मशीन कुठे वापरायचं?' आणि मग स्वतःच म्हणालं 'नको वापरायला'. बाकीच्यांत अजून भांडण चालू आहे. निम्मे म्हणतात स्फोट तरी ठेवा नाहीतर वर्गणीदार विचारतील पैसे कुठे गेले. 'बोअर होईल' मात्र आज कोणी म्हणालं नाही.

मला सुरुवात अशी दिसतेय: दुकान, गल्ल्यावर माणूस, बाहेर एक जण कुबडी न घेता पण जरा लंगडत उतरतोय. नावं, गाव, युनिट सगळं बदलून. पण तुमच्या बडींना विचारल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. आणि जमलं तर त्यांनी तालमीला यावं, पहिल्या रांगेत नाही, मागे कुठेही, त्यांना न आवडलेलं वाक्य काढून टाकू. विचाराल का?

खडकीचा_सॅपर

विचारलं. आधी पाच मिनिटं शिव्या दिल्या मला, इंटरनेटवर टाकलं म्हणून. मग म्हणाला त्याग-बिग शब्द आला तर येणार नाय. बाभळीचं झाड दाखवा म्हणाला, लोक वाळवंटात झाड दाखवत नायत. आणि तुमचा मंडप किती उंच असतो, पायऱ्या किती आणि एका बाजूला धरायला पाइप आहे का ते कळवा.